काचेच्या तळाची पेटी

मी पेटी बोलतेय. नाव ऐकून कुणाला दागिने आठवतील, कुणाला भजनातली पेटी. माझ्यात यातलं काही नाही. मला झाकण नाही, कुलूप नाही, आणि इतर पेट्यांना जिथं लाकडी तळ असतो तिथं मला काच आहे. मला पाण्यावर ठेवायचं, वरून डोकं आत घालायचं आणि खालचं जग बघायचं. वाऱ्यानं पाण्याला सुरकुत्या पडतात, उन्हाची तिरीप डोळ्यांत जाते, नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. माझ्यातून पाहिलं की पाणी नाहीसंच होतं.

माझा जन्म कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावरचा, जिथं मोठी लाकडी वहाणं, म्हणजे गलबतं, बांधतात त्या वाड्यातला. एका वहाणाच्या फळ्यांचे तुकडे उरले होते आणि बायका ते चुलीसाठी वेचायला आल्या होत्या. त्यांच्या हाताला लागण्याआधी ईशा मिस्त्री नावाच्या सुतारानं चार तुकडे बाजूला काढले. काच मिळाली एका मोडीत निघालेल्या वहाणाच्या खिडकीची. सांध्यांमध्ये तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवला, वरून राळ ओतली. मग त्यानं मला खाडीत तरंगत ठेवलं, आत बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं. तो म्हणाला, "झालं. ही आता माझ्यापेक्षा जास्त समुद्र बघणार."

मला बनवून घेतलं वालसर गावच्या ओसमाण वाघेरनं. वालसरसमोर, तिवरांच्या रानापलीकडे, परवाळ्याचा, म्हणजे पोवळ्याचा, मोठा खडक आहे. भरतीला तो दिसतसुद्धा नाही. ओहोटीला मात्र समुद्र मागे सरतो, मैलभर मैदान उघडं पडतं, आणि त्यात ठिकठिकाणी पाण्याची डबकी राहतात. गुडघाभर, मांडीभर. त्या डबक्यांत काय काय राहतं ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही.

पण ओसमाणला ते सांगण्यात रस नव्हता. त्याला ते आणण्यात रस होता. शंख, परवाळ्याच्या फांद्या, शोभेचे मासे. शहरातून माणूस येई आणि गोण्या भरून नेई. मी तरंगत पुढे, ओसमाणचं डोकं माझ्यात, आणि त्याच्या हातात लोखंडी पहार. माझ्या काचेत सुंदर काही दिसलं रे दिसलं की दुसऱ्या क्षणाला तिथं पहार येई. मी त्या काळात बघत नव्हते, शोधत होते. ज्याला ज्याला मी शोधलं ते दुसऱ्या दिवशी तिथं नव्हतं. ओसमाण वाईट नव्हता, घरात खाणारी तोंडं होती. तरी सांगते, त्या वर्षांची मला अजून लाज वाटते.

मग एक दिवस किनाऱ्यावर पाट्या लागल्या. हा समुद्र राखीव झाला, खडकावरून काही उचलायचं नाही. ओसमाण पाटीखाली उभा राहून बराच वेळ हसला. समुद्राला कुंपण घालायला निघालेत, म्हणाला, घाला म्हणावं. पण पहिल्याच महिन्यात शेजारच्या गावातल्या दोघांना वनखात्यानं गोणीसकट धरून नेलं, तेव्हा त्यानं पहार विकली आणि मला घराच्या पडवीत खुंटीला टांगलं. स्वतः जाळं घेऊन खोल पाण्यात जाऊ लागला.

खुंटीवर मी अकरा वर्षं होते. माझ्यात एक कोंबडी राहायला आली. तिला मी फार आवडले असणार, कारण तिनं माझ्यात चार वेळा पिलं काढली. काचेवर पेंढा, पेंढ्यावर अंडी, आणि अंड्यांवर ती. ज्या काचेतून मी समुद्राचा तळ पाहिला होता, तिच्यातून आता कोंबडीचं पोट दिसायचं. तक्रार करत नाही. ऊब होती. पण खालून भरतीचा आवाज यायचा तेव्हा लाकडाला आतून काहीतरी व्हायचं.

त्याच काळात एका हिवाळ्यात ओसमाण तापानं गेला. मागे राहिली त्याची बायको हूरबाई, आणि मुलगा तालब, जो मोठा होऊन वहाणावर खलाशी झाला आणि वर्षातले दहा महिने घराबाहेरच राहू लागला.

एके दिवशी वनखात्याचे गार्ड गढवीभाई गावात आले. शहरातले लोक खडक बघायला येणार आहेत, म्हणाले, त्यांना चालत नेऊन चालत आणणारं कुणी हवं, खडकाची माहिती असलेलं. बाप्ये हसायला लागले. लोकांना चिखल दाखवायचा आणि परत आणायचं, याला काम म्हणतात का, असं एकानं विचारलं. हूरबाई जाळं विणत बसली होती. ती न हसता म्हणाली, "मी नेते. चिखल मला ओळखतो."

त्या संध्याकाळी तिनं कोंबडीला पिलांसकट टोपलीत हलवलं आणि मला खुंटीवरून उतरवलं. राखेनं आणि काथ्यानं काच घासली. अकरा वर्षांची घाण होती, तिला अर्धा तास लागला. मग काच तिनं उजेडाकडे धरली आणि तिच्यातून स्वतःच्या अंगणाकडे पाहिलं. मला वाटलं, सुटले बाई.

पहिली पाहुणी एक शाळामास्तरीण होती. डबक्याच्या कडेला, एका कपारीत ऑक्टोपस बसला होता. पूर्वी असा दिसला असता तर ओसमाणनं पहार घातली असती. बाईंनी माझ्यात डोकं घातलं आणि विचारलं, "हा काय करतोय?"

हूरबाई म्हणाली, "आजवर मी त्याला कधी विचारलं नाही."

मग दोघी डोकी जुळवून माझ्यावर वाकल्या. ऑक्टोपस आधी दगडाच्या रंगाचा होता. हळूच तो तपकिरी झाला, मग त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले, मग एक बाहू पुढे करून त्यानं एक शिंपला चाचपून पाहिला, आवडला नाही म्हणून ठेवून दिला. कुणी त्याला धरलं नाही. तो त्याच्या वेळेनं उठला आणि त्याच्या वाटेनं गेला. हूरबाईचा जन्म या किनाऱ्यावरचा, पन्नाशी जवळ आलेली, पण हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. मीही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच कपारीपाशी गेलो तर तो तिथंच होता. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं, की काल दाखवलेलं आज जागेवर सापडावं.

त्यानंतरची वर्षं सुखाची. आम्ही केंड मासा पाहिला, जो रागावला की फुग्यासारखा टम्म होतो. समुद्रफुलं पाहिली, ती पाकळ्यांनी भक्ष्य धरून खातात. वाटाण्याएवढे खेकडे पाहिले, जे पाठीवर शेवाळाची शेती करून लपतात. दूर उथळ पाण्यात हजारो रोहित पक्षी उभे असायचे, आणि एकदा खडकाच्या टोकाशी, हाताच्या अंतरावर, हिरवं कासव श्वास घ्यायला वर आलं, आमच्याकडे पाहून पुन्हा खाली गेलं. तुटलेल्या परवाळ्यावर बोटभर नवी फूट आली होती. ज्या जागी ओसमाणची पहार पडली होती ती जागा हूरबाईला पाठ होती. ती तिथं दर वेळी थांबायची. पाहुण्यांना काही सांगायची नाही.

माणसंही पाहिली. दहातल्या नऊ जणांचा पहिला प्रश्न एकच: हे खातात का? हूरबाई म्हणे, "तेही तुमच्याबद्दल हेच विचारतंय." काही जण सगळा वेळ फोटो काढायचे आणि माझ्यात डोकं घालायचं राहूनच जायचं. आणि काही जण, बहुतेक जे येताना फार बोलत असत ते, एकदा आत पाहिलं की गप्प होत. अशांची मी वाट बघायची.

हूरबाईचे नियम थोडे होते. हात पाठीमागे बांधायचे. पाय वाळूत टाकायचा, परवाळ्यावर नाही. दगड उलटलाच तर ज्याचं घर होतं त्याला परत नीट झाकून द्यायचा. आणि तिची एक सवय होती, जिचा अर्थ कुणी विचारला नाही. अर्ध्या-पाऊण तासानं ती मला खडकाच्या आडोशाला, वारा नसेल तिथं पाण्यावर ठेवायची आणि दोन्ही हात सोडून द्यायची. मी थोडी तरंगायची. ती बघायची, मान हलवायची, आणि मला परत उचलायची. पाहुण्यांना वाटे, बाई दमली.

मग हूरबाईचे गुडघे गेले. आधी उतरताना कळ यायची, मग चढताना, मग बसल्या जागी. तेव्हापासून तिची सून जेना बरोबर येऊ लागली. जेना सून खरी, पण हूरबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणून ती सासूला फुई, म्हणजे आत्याच म्हणते. पोर हुशार, पायाला चपळ, डोळा तीक्ष्ण. खडकावरचं सगळं तिला वर्षभरात पाठ झालं. गढवीभाईंकडून तिला वाटाड्याचं कार्ड मिळालं की खडक घरातच राहणार होता. नाही मिळालं तर मी पुन्हा खुंटीवर, आणि हूरबाई अंगणात बसून दुरून भरतीचा आवाज ऐकणार. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. पण रोज संध्याकाळी हूरबाई गुडघ्यांना तेल चोळताना माझ्याकडे बघायची, आणि ते मला कळायचं.

गढवीभाईंची अट सरळ होती. जेनानं एक दिवस एकटीनं पाहुणे न्यावेत आणि आणावेत. सासूनं किनाऱ्यावर राहायचं, मध्ये बोलायचं नाही. "हूरबाईनं बोट धरलं तर ते हूरबाईचंच कार्ड झालं," ते म्हणाले. हूरबाईनं शब्द दिला.

आता इथं आमच्याकडचा हिशेब सांगायला हवा. चौकीवर भरती-ओहोटीचा छापील तक्ता असतो, पण तो मोठ्या बंदराचा. वालसरच्या खडकावर पाणी त्याच्या मर्जीनं वळतं. ते काढायचं तर तिथी लागते. तिथी एकानं पुढे गेली की पाणी पाऊण तासानं उशिरा वळतं. वालसरची घरं वाघेरांची, मुसलमान दर्यावर्दींची. त्यांचा महिना चंद्र दिसला की सुरू होतो, आणि चंद्र दिसतो तो बीजेला. म्हणून त्यांचा पहिला चांद म्हणजे पंचांगाची बीज, द्वितीया, दुसरा चांद म्हणजे त्रीज. घरोघरी पोरींना लहानपणापासून पाठ असतं: चांदात एक घाल, तिथी काढ, मग पाणी काढ. जेना हे झोपेतसुद्धा करायची.

त्या आठवड्यात तीन संध्याकाळी आभाळ झाकलेलं होतं. चंद्र दिसलाच नाही. म्हणून जेना आदल्या दिवशी लवजीभाईंच्या दुकानात गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात उद्याची तारीख बघून आली. तिथं चोथ, म्हणजे चतुर्थी, लिहिली होती. घरी येता येता तिनं नेहमीसारखा एक घातला. चोथीची पाचम झाली. तिच्या हिशेबानं पाणी अकरा वाजता वळणार होतं. पण कॅलेंडरात चांद नसतो, थेट तिथीच असते; खरं तर पाणी सव्वादहालाच वळणार होतं.

पाहुण्या आल्या राजकोटहून. दोघी बहिणी, साठी उलटलेल्या. थोरल्या धीरजबेन निवृत्त नर्स, धाकट्या मुक्ताबेन ठेंगण्या, गोल, आणि हातात काठी. मुक्ताबेननी आल्या आल्याच सांगितलं, आयुष्यात कधी समुद्रात पाय घातलेला नाही.

"मग आज कशाला आलात?" जेनानं हसून विचारलं.

"हिनं आणली," मुक्ताबेन म्हणाल्या. "लग्नातही मला हिनंच पुढे ढकललं. तिथून पस्तावलेय."

"तिथून तुला दोन मुलं आहेत," धीरजबेन म्हणाल्या. "चल, पदर खोच."

जेनानं त्यांना सांगितलं की पाणी अकराला वळेल, आपण त्याआधीच परत फिरू. हूरबाई किनाऱ्यावर उभी होती. तिनं हे ऐकलं. तिच्या कपाळावर एक आठी पडली, मी पाहिली. पण तिनं ओठ मिटून घेतले.

तिवरांचं रान ओलांडलं की खडकाआधी एक खाळ लागते. ओहोटीला घोट्यापर्यंत पाणी, भरतीला सगळ्यात आधी भरते तीच. खडकावर माणसं मजेत असतात आणि मागं खाळ भरून गेलेली असते. जेनाला आज खाळीत अपेक्षेपेक्षा कमी पाणी दिसलं. तिला बरं वाटलं. म्हणाली, आज समुद्र आपल्या बाजूनं आहे.

आणि खडकही असा होता त्या दिवशी! ऊन कोवळं, पाणी स्वच्छ. मुक्ताबेननी माझ्यात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. एक तारामासा काठाकाठानं चालला होता, सावकाश, पाची बाहूंनी. जांभळा समुद्रससा, म्हणजे सशासारखे कान असलेली समुद्रातली गोगलगाय, शेवाळ खात होता. धीरजबेन म्हणाल्या, मला बघू दे, आणि आतून आवाज आला, "तू ढकलायचीस ना नेहमी. आज मी हलत नाही."

जेना सैलावली. कासव दिसलेल्या टोकापर्यंत न्यायचं तिच्या मनात आलं. आणखी पुढे गेलो. वाटेत खोल समुद्राकडून दोन डॉल्फिन पाठ काढत गेले, पाण्यातून फूस करून श्वास सोडत. तिघीही तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या.

डॉल्फिनकडे बोट दाखवताना जेनाचे हात माझ्यावरून सुटले.

मी पाण्यावर होते, मोकळी. इतका वेळ माझ्या काचेखालून बारीक कण खोल समुद्राकडे वाहत चालले होते. आता ते थांबले होते. मग एक कण मागे फिरला, त्याच्यामागे दुसरा. समुद्रगवताची पाती उभी राहिली आणि गावाच्या बाजूला झुकली. आणि मीही निघाले. मला बोलता येत नाही. मला फक्त तरंगता येतं. त्या दिवशी मी जीव लावून तरंगले.

जेना वळली तेव्हा मी हातभर लांब गेले होते. ती मला धरायला पुढे आली, आणि हात लांब केलेल्या अवस्थेतच थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गावाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वारा नव्हता. मी गावाकडे चालले होते. तिला तिची फुई आठवली, अर्ध्या-पाऊण तासानं पेटी सोडून मान हलवणारी. इतकी वर्षं तिलाही वाटत आलं होतं, फुई दमते.

तिच्या तोंडून एवढंच आलं, "चोथ होती ती."

मग ती घाबरली नाही, हे मी मुद्दाम सांगते. तिनं मला उचललं आणि बहिणींना म्हणाली, "बेन, आता वळायचं. आत्ता. मी हिशेबात चुकलेय, पाणी लवकर आलंय. भरभर चला, पण पळायचं नाही, पडाल. माझ्या पावलावर पाऊल टाका."

धीरजबेन लगेच वळल्या. तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई. त्यांनी धाकटीची काठी स्वतःकडे घेतली आणि तिचा दंड धरला. मुक्ताबेन मात्र चालता चालता बोलत होत्या, देवाला, बहिणीला, कधी समुद्रालाही.

खाळीशी पोचलो तेव्हा पाणी जेनाच्या कमरेपर्यंत होतं आणि ओढ होती. मुक्ताबेनच्या छातीपर्यंत जाणार हे दिसतच होतं. जेनानं मला पाण्यावर ठेवलं, मुक्ताबेनचे दोन्ही हात माझ्या काठांवर ठेवले. म्हणाली, "हिला धरा. ही बुडत नाही, आणि हिला घर माहीत आहे." धीरजबेन मागून, जेना बाजूनं. अर्ध्यावर मुक्ताबेनचे पाय सुटले आणि त्यांनी सगळं ओझं माझ्यावर टाकलं. माझ्या काचेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तडा गेला. तो आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही. गार पाणी आत झिरपायला लागलं. मी म्हटलं, ईशा मिस्त्री, तुझी राळ आज धरू दे.

समोरच्या काठावर हूरबाई होती. ज्या बाईला बसलं की उठता येत नव्हतं, ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, आणि तिच्या हातात जाळ्याचा दोर होता. तो दोर तिनं फेकला, जेनानं झेलला.

"मुक्ताबेन," हूरबाई ओरडून म्हणाली, "समुद्रात पाय घातला नव्हता म्हणे. आता गळ्यापर्यंत आलात. या लवकर, चहा ठेवलाय."

मुक्ताबेन हसल्या. हसता हसताच त्यांचे पाय वाळूला लागले.

नंतर पडवीत अंग पुसताना जे बोलणं झालं त्यातून मला कळलं. हूरबाईच्या मनाचा हिशेब सकाळीच सव्वादहाचा आला होता. पण तिला वाटलं, चंद्र दिसला नाही, आपलंच चुकत असेल. शब्द दिला होता म्हणून बोलली नाही. तासभर अंगणात चुळबुळ केली, मग गुडघे धरत धरत लवजीभाईंच्या दुकानात गेली आणि कॅलेंडर पाहिलं. चोथ वाचली आणि तिच्या लक्षात आलं, पोरीनं तिथीतही एक घातला.

जेना रडत होती. हूरबाई तिच्या डोक्यावरून टॉवेल फिरवत म्हणाली, "तू एक जास्त घातलास. मी एक शब्द कमी घातला. दोघींचं मिळून पाणी गळ्यापर्यंत आलं. आता नाक पूस."

गढवीभाई आले तेव्हा बहिणी कोरड्या कपड्यांत चहा पीत होत्या. कसं झालं, त्यांनी विचारलं. धीरजबेन म्हणाल्या, फार छान झालं, पोरीनं डॉल्फिन दाखवले. मुक्ताबेननी मान हलवली. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. कार्ड गढवीभाईंच्या खिशातच होतं.

जेना उठली. "नाही झालं छान, साहेब. मी तिथीत एक जास्त घातला. या बेन खाळीत बुडता बुडता वाचल्या."

गढवीभाईंनी विचारलं, "कळलं कसं?"

"पेटी गावाकडे निघाली."

त्यांनी मला उचललं, तडा पाहिला, माझ्यातून एकदा पडवीकडे बघितलं. मग म्हणाले की आज कार्ड नाही. पुनवेपर्यंत रोज खाळीत काठी रोव, पाणी वळलेली वेळ लिहून आण, आणि लवजीभाईंच्या कॅलेंडराकडे फिरकू नकोस. जेनानं रोज काठी रोवली, रोज लिहिलं. पुनवेला ते आले, वही चाळली, आणि कार्ड तिच्या हातात न देता हूरबाईच्या हातात दिलं. हूरबाईनं ते जेनाच्या हातात दिलं. त्या रात्री आम्ही तिघीही गाढ झोपलो.

माझं आता वय झालंय. माझ्या तड्यात राळ भरली आहे. त्यामुळे माझ्यातून पाहिलं की तळाला एक बारीक सोनेरी रेघ दिसते. काही पाहुण्यांना वाटतं ते परवाळ्याचंच काहीतरी आहे. जेना त्यांना हसून खरं सांगते. हूरबाई आता खडकावर येत नाही, पण तिवरांच्या कडेला दगडावर बसते आणि परतणाऱ्यांना विचारते, आज कोण कोण भेटलं? माणसांबद्दल नाही विचारत ती.

कोंबडीचा वंश पडवीत वाढलाय. तिच्या नाती माझ्याकडे आशेनं बघतात. त्यांना सांगून ठेवलंय, इतक्यात नाही.

तुम्ही कधी वालसरला आलात तर माझ्यात डोकं घाला. घाई करू नका. आधी काही दिसणार नाही, मग एकेक जण बाहेर येतील. हात पाठीमागे असू द्या. माझ्या पहिल्या मालकानं सगळं उचलून नेलं तेव्हा आम्हा दोघांच्याही हाती काही राहिलं नाही. आज काहीच नेत नाही तर समुद्र भरलेला आहे. मला याचं इतकं बरं वाटतं की ते सांगायला हा एवढा प्रपंच केला.

आणि अर्ध्या-पाऊण तासानं मला एकदा मोकळं सोडा. मी कुठं पळून जात नाही. थोडा वेळ जागेवर डुलेन, आणि पाणी वळलं की घराकडे निघेन. मी निघाले की तुम्हीही निघा. उद्या सगळं तिथंच असेल.